पारावरची माणसं घरी येईनात

२ डिसेंबर, सोमवार
यांना दवाखान्यातून आणून आज सतरा दिवस झाले. पारावरचा एकही माणूस फिरकला नाही.

डावा हात ठेवला तिथंच राहतो. बाकी बोलणं चालू, डोकं चालू. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. यांचं मन रमतं बुद्धिबळात, आणि बुद्धिबळ पोस्टासमोरच्या पिंपळाच्या पारावर. रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं, रोज चार ते सात. पाऊस असला की स्टेशनसमोरचं चहाचं हॉटेल. शनिवारी बाजाराची गर्दी, म्हणून बागेतला बाक. मी या जागा ऐकूनच ओळखते. त्यापायी माझी भाजी मात्र नऊ वर्षं गार झाली.

४ डिसेंबर
पिंपळाला पाणी घालायचं निमित्त करून पारावर गेले. आबासाहेब, व्यंकटराव, दत्तराव, तिघंही होते. यांच्या जागेवर कुणी नवीनच माणूस.

मी म्हणाले, "तासभर घरी या. पट आहे. चहा मी करते."

"येतो की वहिनी," आबासाहेब म्हणाले. "किशनराव नसले की खेळात जीव न्हाई."

दत्तरावांनी मान वर केली नाही. व्यंकटराव त्या नवीन माणसाला म्हणत होते, "सांभाळा, तुमचा वजीर मरायलाय."

एवढा जीव नाही खेळात.

५ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पोथी वाचली. ते येतील म्हणून अर्धा लिटर दूध जास्त घेतलं होतं. सातपर्यंत वाट पाहून विरजण लावलं.

९ डिसेंबर
आज मीच यांच्यासमोर पट मांडला. सोनपेठला वडिलांनी शिकवलं होतं मला. त्यांच्या खेळात शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. मी मारली.

"हे काय?"

"आमच्या वडिलांची चाल."

"मग त्यांच्याशीच खेळ जाऊन." वडील जाऊन एकवीस वर्षं झाली.

चांगल्या हातानं पट उलटवला. उंट पलंगाखाली गेला. तो काढायला मी जमिनीवर आडवी, वरून हे म्हणतात, "पारावर असलं कुणी खेळत न्हाई."

"पारावर आता तुमीबी खेळत न्हाई."

बोलायला नको होतं. जेवले नाहीत. मीही नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
कुणी नाही. आज दूध नेहमीएवढंच घेतलं.

१५ डिसेंबर
हे चार वाजले की दाराकडं तोंड करून बसतात. साडेसहाला म्हणतात, "पडदा ओढ."

व्यंकटरावांच्या बायकोला टाके पडले तेव्हा हे रात्रभर दवाखान्यात बसले होते. आबासाहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं. देवा, तुझ्याकडं याची नोंद असेल ना? त्यांच्याकडं नाही.

२२ डिसेंबर, रविवार
मारुतीच्या देवळात आबासाहेब सापडले. मी सोडलं नाही. चार बायका ऐकत होत्या, तरी बोलले. "नऊ वर्षं तुमच्यात बसले, तुमाला नऊ पावलं चालवेनात?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चप्पल घालत हळू म्हणाले, "वहिनी, दत्तरावाला पारावर सोडून आमी तुमच्या घरी कसं यावं?"

"त्यांनाही बोलावलंय मी."

"किशनरावांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दत्तराव बौद्ध माणूस, आमच्या हिचं सोवळं कडक हाय, घरी नको, इथंच बसू. तवापासून पार धरला."

यांना जाब विचारायचा ठरवूनच घरी आले. माझ्या नावावर खपवलं! मी असं एका शब्दानं कधी म्हणाले नव्हते.

२३ डिसेंबर
विचारलं नाही.

चार तारखेला पारावरून आले, तेव्हाच फडताळातून कान तुटलेला कप काढून मोरीजवळ वेगळा ठेवला होता. दत्तरावांसाठी.