जुना ड्रायव्हर आणि गार चहा

देवास, रविवार, नोव्हेंबर २००४

आज मंजिरीला, आमच्या सूनबाईला, मनापासून मानलं. ह्यांनी लग्नपत्रिका तयार करायच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पडद्यावर नुसते पट्टे. उद्या सकाळी बदनावरचे लोक पत्रिका पसंत करायला येणार, आणि हे जुन्या ड्रायव्हरवरच, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरच, नवा चढवत बसलेले. दारांनाही असंच, जुना रंग न खरवडता नवा फासतात!

मंजिरीनं हातातला चहा बाजूला ठेवला. "बाबा, आधी जुना मुळापासून काढू." दुरुस्तीसाठी तिनं कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला आणि पडद्यावरची अक्षरं भलीमोठी झाली तसे हे ओरडले, "अरे, बिगाड़ दिया!" तिनं मानही वर केली नाही. जुन्या ड्रायव्हरची एकेक फाईल शोधून पुसत राहिली. चहावर साय धरली. एवढा धीर मला कुठला?

मग नवा ड्रायव्हर घातला आणि पत्रिकेवरचा गणपती लख्ख दिसला.  हे तिचा गार चहा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून मला विचारलं, "काडेपेटी कुठे असते?"

माझ्या चहासाठी कधी विचारलं नव्हतं. सांगितलं, पण मुद्दाम जागची हलले नाही.