बकरीला मध्ये न घालता

दि. २१ जानेवारी २०२५, मंगळवार

तीर्थरूप करिश्माच्या बाबांना,

धाकट्या घरातून गोकुळाचा पदर डोक्यावर घेऊन नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि करिश्मा तुम्हाला घराबाहेर पडू देत नसेल, असं धरून चालते.

आधी एक सांगते. हे पत्र जाऊबाई, आपल्या चंदाबाई, गुरुवारच्या एसटीनं घेऊन कुरखेड्याला लेकीकडे येतील. त्यांना वाचता येत नाही आणि तुम्ही सातवी शिकलेले आहात, म्हणून बिनधास्त लिहिते आहे. करिश्माला वाचून दाखवायला सांगू नका. चष्मा लावा, अंगणात उन्हाला बसा आणि स्वतः वाचा. नंतर चुलीत घातलंत तरी माझी हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचून मग घाला.

तुमचा धान भरडून आणला. तांदूळ चांगला निघाला, तुकड्याची कनकी कमीच आहे. बकरी व्याली, दोन पिलं दिली. त्यातलं काळं फार वांड आहे, सुपातले तांदूळ खाऊन जातं. डिंपल शाळेतून आली की दप्तर फेकते आणि विचारते, मोठे बाबा कधी येणार? मी सांगते, येतील. ती म्हणते, तू रोज हेच सांगतेस.

आपल्यात बोलायची रीत नाही. थोरल्या भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी, भावसुनेशी बोलायचं नाही, भावसुनेनं त्याच्यासमोर यायचं नाही, त्याची सावली ओलांडायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं की तुमच्या खाकरण्याचा आवाज मी घरच्या माणसाच्या आवाजाआधी ओळखायला शिकले. डिंपलचे बाबा होते तोवर अडचण नव्हती. तुम्ही त्यांना सांगायचे, ते मला सांगायचे, आणि सांगताना त्यात स्वतःची भर घालायचे ते वेगळं. मग काविळीनं त्यांना नेलं आणि मधलं माणूसच उरलं नाही.

तेरवी झाल्यावर तुम्ही अंगणात आलात, खाकरलात आणि आमच्या बकरीला म्हणालात, "काऊन वो, तुया घरी तांदूळ हायत का सरले?"

मी दाराआडून बकरीला म्हटलं, "हायत म्हणा अजून."

इतक्या दुःखात मला हसू आलं होतं. तोंडात पदर कोंबला. तेव्हापासून आपला सगळा कारभार त्या बिचारीच्या तोंडून चालला. डिंपलची फी, छपराची कवलं, तापाची गोळी, सगळं तिनंच विचारलं आणि तिनंच सांगितलं. आणि तलावाच्या मासेमारी सोसायटीत जेव्हा बाई सभासद नको म्हणून सगळे अडून बसले, तेव्हा तुम्ही भर सभेत म्हणालात, "माया भावाची जागा हाय, त्याच्या बायकोलेच भेटन. आधी तिले पाण्यात उतरू द्या, मंग बोला." मी बाहेर खिडकीखाली उभी होते. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानता आले नाहीत. बकरीकडून मानावेत असे ते नव्हते. आज मानते.

आता त्या प्रशिक्षणाचं लिहिते. तुम्ही तिथे होतात, तरी लिहिते, कारण तुम्ही ज्या समजुतीनं गाव सोडलंत ती समजूत माझ्या मनाला खात आहे.

आम्ही बायका सोसायटीत आलो तेव्हापासूनची कुरबुर तुम्हाला ठाऊकच आहे. तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटायला आम्ही, जाळं ओढायला पुरुष, आणि निर्णयाच्या वेळी आम्ही पुन्हा घरी. वारलूभाऊ अध्यक्ष असूनही दोन्हीकडच्या शिव्या खाऊन थकले, म्हणून नागपूरच्या संस्थेनं दिव्यानी मॅडमला पाठवलं. एकजुटीनं काम कसं करायचं, भांडण कसं मिटवायचं, वेगळ्या माणसाशी कसं बोलायचं, हे तीन दिवस शिकवायला. पोरगी गोड आहे हो. पहिल्या दिवशी कागदाचा मनोरा करायला लावला तेव्हा तुम्ही आणि झाडूभाऊ पोरांसारखे भांडलात, ते पाहून आम्ही बायका पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी तो डोळे बांधायचा खेळ निघाला. तलावाच्या पाळीवर मडकी मांडलेली. एकानं डोळे बांधून चालायचं, जोडीदारानं नुसत्या आवाजानं त्याला वाट दाखवायची. जोड्या चिठ्ठ्या काढून ठरल्या. मॅडमनी वाचलं, "डोमाभाऊ आणि गोकुळाताई."

वारलूभाऊ उठले. "मॅडम, हे जमत नाई. हे भासरा-भावसून हायत. बोलत नाईत एकमेकासंगं."

मॅडम गोंधळल्या, चिठ्ठी बदलते म्हणाल्या. तेवढ्यात तुम्ही उठलात.

"बदलू नका. कामाच्या जागी कामाची गोष्ट. पोरीले पाण्यात काम करायचं हाय, तिले आवाज द्यायची सवय पायजे."

आणि दुपट्टा तुम्ही स्वतःच डोळ्यांना बांधला. तुम्ही पोरगी म्हणालात. मॅडमकडे बघून म्हणालात, तरी मलाच म्हणालात.

पुढचं साऱ्यांनी पाहिलं. तुम्ही सरळ मडक्यांवर गेलात. ती फुटली तरी वळला नाहीत, थांबला नाहीत, आणि घाटाच्या पायऱ्यांवरून खाली कोसळलात. झाडूभाऊंनी उचललं. दुसऱ्या दिवशी मॅडम मुक्काम वाढवून दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करणार होत्या, पण तुम्ही सकाळच्या गाडीनं कुरखेडा गाठलं होतं.

तेव्हापासून गावाला दुसरा विषय नाही. पुरुष म्हणतात, डोमा मर्द गडी, बाईच्या सांगण्यानं वळंल काय? बायका त्यांच्याहून संतापल्या आहेत. रीता तर पाण्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "गुडघा फुटला तरी चाललं, पण बाईचं ऐकाचं नाई! असा मानूस जाळ्यावर नको आमाले." येत्या रविवारी सभा आहे. मोठ्या जाळ्याची जबाबदारी पिंटूकडे द्यायची आणि तुमचं नाव कमी करायचं, असं ठरत आलं आहे. तुम्हीच निरोप धाडलात की सोसायटी सोडतो, मग कोण थांबवणार? बायका मला त्यांच्या बाजूची समजतात आणि चहा पाजतात. तो चहा मी तसाच ठेवून उठते.

काल चंदाबाई सूप घेऊन आल्या. त्या दिवशी त्या तूर कापायला गेल्या होत्या, पाळीवर नव्हत्या. बसल्या, दोनदा पाखडलं आणि एकदम म्हणाल्या, "आमचे हे म्हणते, मी तिच्यासाठी रीत मोडली अन् ती मुकी रायली, मले पडू देलं. अन् गाव म्हणते, गोकुळा गळा फाडून वरडत होती. खरं कोणाचं वो?"

मी मान खाली घातली. "मले नाई मालूम, बाई."

त्या उठून गेल्या, सूप तिथेच टाकून. आजवर त्या माझ्याशी अशा वागल्या नव्हत्या.

तुम्हाला वाटतं मी मुकी राहिले. तुम्ही चारचौघांत माझ्यासाठी उठलात आणि मी रीतीच्या आड लपून तुम्हाला पडू दिलं, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या जागी मी असते तर मीही गाव सोडलं असतं. हे खोडून काढायचं तर मला दुसरं काही लिहावं लागेल, आणि तिथेच माझा हात अडतो. मघाशी उठून पिलांना पाला टाकून आले. काही गरज नव्हती.

तुम्हाला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. रागावू नका.

तुम्हाला थोडं कमी ऐकू येतं हे तुम्ही जाणता, म्हणून तर फोन वाजला की रेंज नाही म्हणून चंदाबाईंच्या हातात देता. समोरच्याचं बोलणं तुम्ही ओठ बघून ओळखता, आणि लग्नात सगळे हसले की तुम्ही जरा मागून हसता. पाळीवर मागून ट्रॅक्टर आला तर डिंपल तुमचा सदरा ओढते तेव्हा तुम्ही बाजूला होता. पण ते थोडं राहिलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी बकरीला म्हणायची, मीठ सरलं, आणि तुम्ही उभेच. मी पुन्हा म्हणायची, तुम्ही उभेच. मग मी बोलणं सोडलं आणि रिकामा डबाच ओट्यावर ठेवू लागले. तुम्ही तो भरून आणायचे. चंदाबाईंच्या हे लक्षात कसं येणार? त्या तर अशा बोलतात की शेजारच्या गावातल्या माणसानं ओ द्यावी. आणि जाळ्यावर तुम्ही समोरच्या काठावरचा माझा हात पाहून दोर सोडता. लोकांना वाटतं, भावसुनेशी बोलायचं नाही म्हणून. आपण बोलत नाही हे गावाला माहीत होतं, त्यात तुमचे कान झाकून गेले. मीही झाकू दिले. तुमचा आब होता तो.

डोळे बांधले तेव्हा माझा हातही दिसेनासा झाला. जवळून कोणी ओरडलं तर ऐकू येईल, असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही तेवढी आशा होती.

मी बोलले हो. आधी हळू म्हटलं, उजवीकडं. मग जोरात म्हटलं. मग डोक्यावरचा पदर कधी पडला तेही कळलं नाही, इतकी ओरडले. घाट जवळ आला आणि काय म्हणून हाक मारावी ते सुचेना, करिश्माचे बाबा म्हणायला वेळ कुठे होता? लग्न होऊन आले तेव्हापासून मनात जे म्हणत होते तेच तोंडातून निघालं. दादा! पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. पाळीवरच्या साऱ्यांनी ऐकलं. फक्त तुम्हाला ऐकू आलं नाही.

धावत जाऊन दंड धरायला हवा होता. भासऱ्याला हात लावायचा नाही हे अंगात इतकं भिनलेलं की हात पुढे केला आणि तिथेच राहिला. ते मला झोपू देत नाही.

रविवारी या. सभेत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. कानाची गोष्ट तुमची आहे, ती मी कोणाजवळ काढणार नाही, चंदाबाईंजवळसुद्धा नाही. मी गप्प राहिले असं खोटं बोलायलाही तयार झाले असते, पण सारा गाव साक्षीला आहे, कोण मानणार? मात्र तुम्ही बोलला नाहीत तर रीता तुम्हाला घमेंडी म्हणत राहील आणि मला ते ऐकत बसावं लागेल. तुम्ही घमेंडी नाही. माझ्यासाठी इतकं कोणी केलेलं नाही, माहेरच्यांनीसुद्धा.

ब्रह्मपुरीला कान तपासतात, यंत्र लावतात म्हणे. चंदाबाई तुमच्या शेजारी बसतील, मी एसटीत मागच्या सीटवर बसेन. आणि यंत्र नाही मिळालं तरी तलावावर माझा हात आहे. त्यावर आपलं जाळं कधी फाटलं नाही.

अक्षर मोठं काढलं आहे, वाचायला त्रास होऊ नये म्हणून. पाळीवरची हाक तुमच्यापर्यंत पोचली नाही, ती इथे पुन्हा मारते.

दादा, घरी या.

तुमची पोरगी,
गोकुळा