बोल्ट उंचीप्रमाणे लावले आहेत

प्रिय साडूभाऊ,

सादर नमस्कार. वयाने तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी 'सादर' मुद्दाम लिहिलं आहे. ज्याची गाडी आपल्या घरी पंधरा महिने मुक्कामाला आहे, त्याच्याशी अदबीनेच वागलेलं बरं. तुमचं पत्र पोचलं. पाच पानांत साडेचार पानं गाडीची विचारपूस आणि शेवटी "बाकी सर्वांना नमस्कार". त्या 'बाकी'मध्ये मी, तुमच्या ताई आणि तुमची भाची येतो असं धरून चालतो. धाकट्या मेहुणीचा दमा आता कसा आहे, तेवढं मात्र कळवा.

'फक्त दोन रविवार' म्हणून तुम्ही ती गाडी आमच्या गॅरेजात लावलीत, इंजिन खोललंत आणि बदली होऊन निघून गेलात. ती शून्यापासून शंभरच्या वेगाला किती सेकंदांत पोचते, हे तुम्ही मला अनेकदा सांगितलं आहे. शून्यावर ती किती महिने टिकते, हे आता मी सांगू शकतो. (सायलेन्सर आवाज कमी करायला असतो, अशी माझी गावंढळ समजूत होती. तुम्ही बसवलेला पाहून ती गेली.) भाचीला त्याच गॅरेजात पहिल्या तारखेपासून फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू करायचं होतं. भिंतींना रंग झाला, टेबल आलं, पाटी तयार झाली, तीन पेशंटांनी वेळाही घेतल्या. मध्ये फक्त तुमची गाडी. लेक म्हणाली, "बाबा, मी व्यायाम शिकवते, ऑपरेशन करत नाही. दारातच असं पोट उघडं टाकलेलं बघून पेशंट परत जातील."

"सगळं नीट मांडलंय, फक्त जोडायचं राहिलंय," असं तुम्ही कळवलं होतं. म्हणून मी ते 'नीट' बघायला गेलो. एक भलामोठा पुठ्ठा, त्याला भोकं, आणि भोकांत बोल्ट अडकवलेले. लांबाशेजारी आखूड, मध्येच एक रांग वाकडी. पुठ्ठ्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. (लिहिलं असतं तर वाचलं असतं. तेवढं मला येतं.) आता मी पडलो गावच्या शाळेतला. आमचे मास्तर आधी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करत, मगच प्रार्थना होई. पुढची सव्वीस वर्षं कचेरीत फायली लावण्यात गेली. मला तो पसारा बघवेना. एका रविवारी सकाळी मी सगळे बोल्ट काढले, रॉकेलने धुतले, पुसले आणि उंचीप्रमाणे सात बरण्यांत लावले. सोळा व्हॉल्व्ह दुसऱ्या एका खोक्यात आपापलं घर करून बसले होते, ते बाहेर काढून चकाकीप्रमाणे ओळीने मांडले. पुठ्ठा रद्दीत दिला. मनाला इतकी शांतता फार दिवसांनी मिळाली होती.

ती एक दिवस टिकली. गाडी जोडायला ठरवलेला मेकॅनिक आधी एकदा सगळं बघून गेला होता; तो सोमवारी आला आणि बरण्या बघून उंबऱ्यावरच बसला.

"काका, इथला पुठ्ठा कुठंय?"

"रद्दीत गेला."

"आणि हे कोणी लावलं?"

"मीच. का, वाईट दिसतंय?"

"छे, औषधाच्या दुकानासारखं दिसतंय. फक्त इंजिनात बोल्टांची कवायत नसते, काका."

मग त्याने समजावलं. पुठ्ठ्यावरच्या भोकांची मांडणी इंजिनातल्यासारखीच होती, म्हणजे कुठला बोल्ट कुठला हे तिथेच कळत होतं. व्हॉल्व्हचं तर आणखी नाजूक. प्रत्येक व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्याच जागी बसून झिजलेला असतो. दुसऱ्याच्या जागी बसवला की हवा, दाब, सगळं निसटतं. मी ओशाळलो. देवाने ज्याला जिथे बसवलं तिथेच तो शोभतो, असं मी उभा जन्म इतरांना सांगत आलो, आणि बोल्टांना मात्र ते लागू केलं नाही.

पहिल्या तारखेला एकोणीस दिवस उरले होते. उपाय एकच, प्रत्येक व्हॉल्व्ह नव्या जागी हाताने घासून बसवायचा. एका काठीला तो चिकटवायचा, त्याला खरखरीत लेप लावायचा आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून घुसळत राहायची. कचेरीला जाण्याआधी मी रोज एक व्हॉल्व्ह घासत असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा हात जोडून उभा आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. बोल्ट मेकॅनिकने आणि मी एकेक लावून, काढून, पुन्हा लावून बसवले. तीस तारखेला किल्ली फिरवण्याआधी मी डोळे मिटले, तर तो म्हणाला, "काका, पेट्रोल घातलंय हेही सांगा देवाला."

गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक भूकंप समजून चप्पल न घालता रस्त्यावर आले. तुम्ही गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर आणून ठेवल्यामुळे ती उंबऱ्यावर टेकली. फळ्या घालून तिला बाहेर काढलं. पहिल्या तारखेला सकाळी नऊ वाजता लेकीने क्लिनिकचं दार उघडलं.

तरी येत्या रविवारी येऊन आपली ही वेगवान गाडी शक्य तितक्या वेगाने घेऊन जावी, ही नम्र विनंती.

आपला,
थोरला साडू

ता. क. – रविवारी गाडी नेऊ नका. टर्बोच्या नळीतून किंचित हवा निसटते आहे, अर्धवट वस्तू परत करणं मला बरं वाटत नाही. आवाजाविषयी वर जरा जास्तच लिहून गेलो. मेकॅनिकने चाचणीला मला चालवायला दिली होती. चौथ्या गिअरनंतर तो आवाज भारदस्त वाटतो.

आणखी ता. क. – क्लिनिकचा पहिला पेशंट ठरलेल्या तिघांपैकी कुणी नव्हता. मी होतो. गाडीखाली शिरून शिरून कंबर धरली आहे. तुमच्या भाचीने तीन आठवडे गाडीखाली जायला बंदी घातली. मी म्हटलं, फक्त पाच मिनिटं. ती म्हणाली, "बाबा, पालथे पडा आणि गप्प पडा." तेव्हा रविवारी तुम्ही याच, आणि येताना जुने कपडे आणा. गाडीखाली तुम्ही शिरा. मी शेजारी स्टुलावर बसून कुठला बोल्ट कुठे जातो ते सांगेन. आता माझं सगळं पाठ आहे.