बोट चुकलेली माणसं

८ जानेवारी

तिसरं प्रकरण परत आलं. तिसऱ्यांदा! सलिल सरांनी समासात लाल शाईने एकच ओळ लिहिलीय – "हा इतिहास आहे की पारावरच्या गप्पा?"

डोकं फिरलंय. म्हणे मार्गदर्शक! १९६३ सालची ती बोट – मुंबईहून निघून थळपासून श्रीवर्धनपर्यंत बंदरं घेत येणारी, पावसाळ्याआधीची शेवटची फेरी – वाटेत बुडाली. लहानपणापासून ऐकतेय. एम.ए.च्या लघुप्रबंधाला विषय घेताना वाटलं, आपल्याच किनाऱ्यावरचा आहे, घरबसल्या होईल. हात दाखवून अवलक्षण!

जाईन त्या घरात एकच कथा. आमचा माणूस त्याच बोटीने यायचा होता, पण बोट चुकली. कुणी पान खायला थांबला, कुणाची छत्री खोलीवर राहिली, कुणाचा धक्क्यावरच डोळा लागला. एवढी माणसं चुकली असतील तर बोट रिकामीच निघाली म्हणायची. मग बुडालं कोण?

१२ जानेवारी

मुंबईला जाऊन आले. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. मिळाला काय, तर अर्धा रकाना. 'अनेक उतारू बेपत्ता.' नावं नाहीत. धुळीने खोकला तेवढा लागला.

१३ जानेवारी

खोकला. एक ओळ लिहिली नाही.

१९ जानेवारी

सरांचा फोन. "बुडालेल्या बोटीवर प्रबंध, आणि बुडालेल्या माणसाचं एकही घर नाही? बरं, ज्यांची बोट चुकली त्यांच्यापैकी एकाची तरी स्वतःची मुलाखत आण. म्हातारे असतील, पण असतील ना कुणी?"

अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत दिलं नाही तर सही नाही. सही नाही तर एम.ए. नाही, आणि मग जूनपासूनची ज्युनिअर कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाची. इकडे आबांनी विहारात सगळ्यांना सांगूनही टाकलंय – आमची प्राप्ती प्राध्यापक होणार. बाजारात तुरी!

निकेत म्हणाला, "ताई, एआयला सांग ना, दोन मिनटांत बनवून देईल." धाकटा आहे म्हणून सोडणार होते. नाही सोडलं. चप्पल फेकली. लागली नाही.

२५ जानेवारी

एसटी बदलत बदलत थळला गेले. मोरूकाका, सत्तरी ओलांडलेले, दारात जाळं विणत बसलेले. मोठ्या आशेने विचारलं. "माजा मोटा भाऊस त्याच बोटीनं येनार व्हता. टायमाला पोचलाच न्हाय. बोट चुकली."

त्यांना भेटता येईल का म्हटलं.

"तो मंग जहाजावर लागला. परदेशात." पत्ता नाही, फोन नाही, फोटोही नाही. काकांनी चहा पुढे केला आणि खत कारखान्याबद्दल बोलायला लागले.

मागच्या महिन्यात भेटलेल्या एकीचा काका आफ्रिकेत. दुसऱ्याचे वडील मुंबईतच राहिले. बोट चुकलेली ही माणसं मेली एका जागी बसत नाहीत!

घरी येऊन पिशवी आपटली. आई म्हणाली, "शेजारच्या बायजाआजीला का नाही विचारत?" आजीला काय विचारायचं? सगळ्या वाडीला माहीत आहे. तिच्या नवऱ्याची, महिपतची, बोट चुकली. मग तो मुंबईतच रमला, तिकडे दुसरी केली. आजी अजून त्याच्या नावाने रुपयाएवढं कुंकू लावते. मला तर तिचा रागच येतो. आणखी एक चुकलेला घेऊन मी काय करू?

२ फेब्रुवारी

गेले शेवटी. तेवढीच दोन पानं भरतील म्हणून.

आजी अंगणात सुकट निवडत होती. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. तेच सुरू झालं – सासऱ्यांनी सांगितलं, बोट चुकली, आता नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने येईल. तेव्हा रस्ता असा नव्हता, खाड्याच खाड्या, शेवटची बोट गेली की पावसाळाभर माणूस तिकडेच. मला राग आवरला नाही. "आजी, सगळ्यांचीच बोट चुकली, तर बुडालं कोण?"

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता हाकलणार.

"सासरा बी मुंबईलाच कामाला व्हता. ह्यांना बोटीत बसवून द्याया धक्क्यावर गेलता," ती म्हणाली. "मंग आठ दिसांनी चालत घरी आला. खाड्या उतरत. येकलाच. म्हनाला, बोट चुकली. चुकली आसती तर दोघं नसते आले चालत?"



"तवाच समजलं मला. पन सासूला येकच ल्योक. तिनं इस्वास ठेवला. मी कुंकू पुसलं आसतं तर म्हातारी तितंच ग्येली आसती."

"आणि ती मुंबईतली दुसरी बाई?"

"पावसाळा सरला, बोटी चालू झाल्या, हे आले न्हाईत. लोकांनीच काडली ती बाई. म्हनलं, बोलू द्या. म्हातारीचा ल्योक जिता राहतोय ना?"

सासू गेल्यावर तरी का नाही सांगितलं, विचारलं. "मंग कुनाला सांगू? समद्यांना माजी गोष्ट पाठ झालती." मग मोबाइलकडे बोट करून म्हणाली, "त्ये बंद कर आता." बंद केला. पुन्हा सुकट निवडायला लागली. रडू मला आलं, तिला नाही.

साठ वर्षं टाकलेली म्हणवून घेतलं हिने. आणि तो तिच्याकडेच यायला निघाला होता.

३ फेब्रुवारी

सकाळपासून सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकल्या. बोट कशी चुकली, हे प्रत्येकाला विचारलंय. त्यापुढचं एकालाही नाही.

दुपारी थळला मोरूकाकांना फोन लावला. विचारलं – बोट चुकली, मग भाऊ घरी कधी आला?

काकांनी आधी पुन्हा खत कारखान्याचंच काढलं. मग म्हणाले, "आला न्हाय, बाय."