बाविसावा पास

प्रिय कोर्बिनियन,

परवा फोनवर एगॉनचं नाव काढलं, तर तू म्हणालास, त्या माणसाचं मला काही सांगू नकोस. आणि फोन ठेवलास. म्हणून लिहायला बसले.

इथे आठवडाभर धुकं उठलेलं नाही. तुमच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात आता मेंढ्या चरतात. गोलचे खांब गंजलेत. चर्चमधल्या मिस्सेहून येताना मी त्या बाजूला बघत नाही.

त्या शेवटच्या हंगामाला तुम्ही चौतीस जण होतात. कुणाचा गुडघा गेला, कुणाची कारखान्यातली पाळी बदलली, झेवरला जुळी झाली. ऑगस्टपर्यंत मोजून बावीस उरलात. त्याहून एक कमी भरला की सामना न खेळताच हरायचा, आणि असे एकदा आपण हरलोच होतो. दुसऱ्यांदा झालं की लीगमधून बाहेर. सोळा वर्षं एगॉनने हा संघ ओढला. शिकवणारा तोच, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाराही तोच.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या रविवारी तुझ्या डोक्याला मार बसला. तू कुणाजवळ बोलला नाहीस. पण बुधवारी तू कॉफी कपाबाहेर ओतलीस, आणि चर्चमध्ये उभं राहताना बाक घट्ट धरलास. मी विचारलं तर म्हणालास, हेल्मेट रिकामंच असतं गं, आत हलायला आहे काय? डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणालास, एवढा एक रविवार जाऊ दे. रात्री तू झोपलास का, हे मी तीनदा येऊन बघितलं.

रविवारी बसने दोन तास जाऊन पोचलो. तू खांद्यांना चिलखत बांधून रांगेत, बाविसावा. पंच एकेकाच्या खेळाडू-पासवरचा फोटो चेहऱ्याशी ताडून बघत आला. तुझं नाव घेतलं, आणि एगॉनच्या हातातल्या पासांच्या डब्यात तुझा पास नव्हता. तो म्हणाला, माझ्याकडून घरी राहिला. तू सगळ्यांदेखत हेल्मेट त्याच्या पायाशी आपटलंस. "सोळा वर्षांत एक डबा सांभाळता आला नाही तुला, म्हाताऱ्या?" त्याने हेल्मेट उचलून पुसलं, बस्स. एकवीसच भरलात, न खेळताच लीगमधून बाहेर. महिन्याभरात तू हॅम्बुर्ग गाठलंस.

कोर्बिनियन, नोंदी करायला डबा आठवडाभर माझ्याकडे असायचा, हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा पास त्या पहाटे मीच काढून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला होता. एगॉनने डबा उघडला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि समजला. परतताना शेजारी येऊन बसला. "पोराला सांगू नकोस, वाल्बुर्गा. कुणावर तरी चिडणारच तो. माझ्यावर चिडू दे." आणि मी दोन वर्षं गप्प बसले. फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, देवाला केव्हाच कळलंय. ज्याला कळलेलं नाही त्याला सांग. एगॉनचं यकृत गेलंय, डॉक्टर हा आठवडा म्हणतात. काल त्याने मला विचारलं, पोराचं डोकं दुखतं का गं अजून? मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्या दारात येऊ नकोस हवं तर. पण त्याला उत्तर तू येऊन दे.

तुझीच,
आई