‘माझी’ नव्हे, ‘मला’

प्रिय मेव्हणे यांस,

सप्रेम नमस्कार. विशेष पुढे आहे, विनंती त्याहून पुढे. तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे कळून आनंद झाला. (तुमच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवर ‘एकदम सक्सेस’ एवढेच सांगितले, क्रियापद मी माझ्या पदरचे घातले.) तुमची ताई शुश्रूषेसाठी तिकडे आली, ही झाली अधिकृत कथा. खरी कथा तिने सांगितली असेलच; परंतु रागात ती कर्ता गाळून बोलते, म्हणून मी सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी तीन चित्रपट पाहिले. पहिला रहस्यपट. खुनी कोण, हे मी मध्यंतरापूर्वीच ओळखले, कारण सगळ्या पात्रांत तो एकटाच ‘ण’ आणि ‘न’ यांत भेद करत होता. इतके स्वच्छ बोलणारा माणूस आजकालच्या चित्रपटात सज्जन असत नाही. हे मी ताईच्या कानात (माझ्या मते हळू) सांगितले. पुढच्या तीन रांगांनाही ते ऐकू गेले, यात माझा काय दोष? दुसरी प्रेमकथा. नायिका अडीच तास रडते आणि काजळ जागचे हलत नाही. नायक तिला म्हणतो, ‘मी तुला प्रेम करतो.’ अरे गृहस्था, ‘तुझ्यावर’! ज्याला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लावता येत नाही, तो वर म्हणून कसा चालेल? मुलीच्या वडिलांनी नकार दिला, तेव्हा सभागृहात टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो.

तिसरा साहसपट. नायक उंच इमारतीच्या कठड्याला एका हाताने लोंबकळतो आहे, खाली आग लागली आहे, आणि तो ओरडतो, ‘माझी मदत करा!’ मेव्हणे, चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली. मदत ‘माझी’ करत नाहीत, ‘मला’ करतात. ‘माझी मदत’ म्हणजे मी दुसऱ्याला केलेली. जीव चालला म्हणून काय माणसाने चतुर्थीच्या जागी षष्ठी वापरावी? न राहवून मी उभा राहिलो आणि दुरुस्ती केली, “मला! मला मदत करा!”

अंधारात लोकांना वाटले, म्हाताऱ्याला काहीतरी झाले. चित्रपट थांबला, दिवे लागले. दारावरचा माणूस विजेरी घेऊन धावला, एका दंतवैद्याने माझी नाडी पाहिली आणि दोघा धट्ट्याकट्ट्यांनी मला उचलून बाहेरच्या बाकावर आडवे केले. मी विभक्तिप्रत्यय समजावू लागलो, तर दंतवैद्य म्हणाला की आजोबा बरळताहेत, पाणी शिंपडा. ताई तेवढा वेळ दिसेल त्याची क्षमा मागत होती. आम्ही घरी आलो. कुलूप उघडताना एवढेच म्हणाली, “सिनेमा बघत नाही, तपासता. चालले भावाकडे.” विभक्तीपायी आम्ही विभक्त झालो, ते हे असे.

असो. इकडे परम शांतता आहे. तिने हवे तितके दिवस राहावे. माझे काही अडत नाही.

तुमचा,
(निदान व्याकरणात तरी निर्दोष)
भाऊजी

ता. क. परवा चौथ्या चित्रपटाला एकटाच गेलो. सवयीने दोन तिकिटे मागितली. नायकाला जुळा भाऊ आहे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मेलेला माणूस पुनःपुन्हा जेवायला कसा बसतो, याचा विचार करत बसलो. अशा गोष्टी ताई कानात सांगत असे. मध्येच एक घोर चूक ऐकली म्हणून उजवीकडे वळून कुजबुजलो, तर खुर्ची रिकामी. चूक तशीच पुढे निघून गेली.

आणखी एक ता. क. वरचा ताजा कलम ताईला दाखवू नये.

आणि हा शेवटचा. तुमच्या डोळ्याला पट्टी आहे, तोवर पत्रे तीच वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा जी वाचते आहे तिला: माझी मदत कर. (चूक मला दिसते आहे. तशीच राहू दे.)