एझराच्या बराखा

८ जानेवारी

आजही नाही जमलं. एझराच्या उशाशी त्याचं हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले. सकाळच्या बराखा, ती छोटी स्तुतिवचनं, एकामागून एक म्हटल्या — आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या, वाकलेल्यांना ताठ करणाऱ्या देवा, तुझी स्तुती असो — आणि मनात काय? बांगडे साफ करायचेत! अर्धांगाच्या झटक्याला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याच्या कानावर ओळखीचं पडू द्या, वाचा परतेल कदाचित. एक 'आमेन' नाही अजून.

९ जानेवारी

चिडले. देवावर.

१४ जानेवारी

पुरुषांची ती बराखा — मला बाई केलं नाहीस म्हणून तुझी स्तुती! चव्वेचाळीस वर्षं हा गृहस्थ खिडकीशी उभा राहून ती म्हणायचा आणि मी ओट्यापाशी पोळ्या लाटत 'आमेन' म्हणायची. कॉन्व्हेंटात नन्सशी हुज्जत घालणारी मी!

आज म्हटलं, "एझरा, ही तुझी तू म्हण. आणि तुझं हगणं-मुतणं बाईच काढतेय, हेही त्याला कळव."

हसला. अर्ध्या तोंडानं. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी.

माझी जीभ झडो.

२१ जानेवारी

मालन लालबागहून येते, त्याला आंघोळ घालायला. आज माझ्यावरच डाफरली. "काकी, वाचत काय बसलाय? जरा धरा काकांना!"

पुस्तक ठेवलं. दोघींनी मिळून त्याला बसवला, तेव्हा तोंडून आपोआप आलं — वाकलेल्यांना ताठ करणाऱ्या. शर्ट चढवला — उघड्यांना वस्त्र देणाऱ्या. पाय लादीवर टेकले — माणसाची पावलं स्थिर करणाऱ्या. मनात बांगडे नाहीत, गॅसवाला नाही. नुसता एझरा.

"मंत्र काय ओ काकी?"

"मंत्र कसला! कामांची यादी आहे गं."

पूर्वीची माणसं अशीच म्हणत असणार. उठता उठता, कपडे घालता घालता. आपण सगळ्या एका पानात कोंबल्या आणि भराभर उरकायला लागलो. मीही तेच करत होते की.

२२ जानेवारी

पुन्हा तसंच केलं. जमतंय.

२६ जानेवारी

थकलेल्यांना बळ देणाऱ्या — असं म्हणत त्याला उशीला टेकवत होते. ओठ हलले! आवाज नाही. पण हलले. मालन साक्षीला आहे. ती म्हणाली, "काका बोलतील बघा होळीपर्यंत." मी तिला म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर."

२ फेब्रुवारी

झोपेतच गेला. आज शुक्रवार, सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत दफन.

सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे हजान म्हणाले, "मातीला देईपर्यंत तुम्हांला बराखा म्हणायच्या नसतात, बाई. माफ असतात."

माफ!

आत सिनेगॉगची पुरुषमंडळी त्याला न्हाऊ घालून कफन चढवत होती. बाईनं आत यायचं नाही. दार लोटलेलं. मी बाहेरून ओरडले — उजवा हात हळू! खांदा दुखतो त्याचा!